पीसी चालता चालता खटकन बंद पडतो: पार्ट बदलायच्या आधी काय काय बघायचं

चालू असलेला डेस्कटॉप मधेच खटकन बंद पडणं यासारखा वैताग नाही. हँग झाला तर निदान काहीतरी अडकलेलं दिसतं, निळा स्क्रीन आला तर एक कोड तरी हाती लागतो, इथे काहीच नाही, फॅन थांबले, स्क्रीन काळा, संपलं. माझ्या मशीनला हे जवळजवळ सात महिने चालू होतं. कधी दिवसातून दोनदा, कधी पाच-सहा दिवस काहीच नाही, आणि आता वाटतंय गेलं एकदाचं तेवढ्यात परत. त्या सात महिन्यांत मी विंडोज दोनदा फॉरमॅट मारलं, रॅम बदलली, नवीन एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) टाकला, आणि दोष निघाला भलतीकडेच, तो पुढे सांगतो. हे सगळं एवढं लांबलचक लिहितोय कारण या प्रॉब्लेमवर पहिला सल्ला कायम "एसएमपीएस बदल" असाच मिळतो, तो बऱ्याच वेळा बरोबरही निघतो, पण बरोबर नसला की तुम्ही एकेक पार्ट बदलत बसता आणि मशीन बंद पडायचं ते पडतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी बंद कसा पडतो ते नीट बघा, पार्टला हात नंतर.

त्याच्याही आधी महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर काढून घ्या, आजच. लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राहते, आणि हे वारंवार झालं की एखाद्या दिवशी विंडोजच उठत नाही. तपास करताना तर आपण मशीन मुद्दाम बंद पाडणार आहोत, मग तर बॅकअप हवाच.

आता "बंद पडतो" म्हणजे काय ते बघू, कारण चार वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. काही वेळा स्क्रीनवर "शटिंग डाउन" दिसतं आणि मग मशीन बंद होतं, म्हणजे विंडोजला कुणीतरी बंद हो असं सांगितलंय, ही पॉवरची भानगड नाही. काही वेळा बंद होऊन लगेच स्वतःच चालू होतो, तो रीस्टार्ट, त्याची कारणं बरीच वेगळी असतात. काही वेळा स्क्रीन काळा होतो पण कॅबिनेटचे फॅन फिरत असतात आणि गाण्याचा आवाजही चालू असतो, तर मशीन बंद पडलेलंच नाही, तिथे ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, मॉनिटरची केबल किंवा स्लीप सेटिंग बघायचं. आणि चौथा प्रकार म्हणजे फॅनसकट सगळं एका क्षणात गप्प, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत गप्पच. हे पोस्ट मुख्यतः या चौथ्या प्रकाराबद्दल आहे.

बंद पडल्यावर आपण सगळे वैतागून लगेच पॉवर बटण दाबतो, मीही दाबायचो, पण ते पहिले दहा-पंधरा सेकंद फार कामाचे असतात. हात मागे ठेवा आणि लाइट बघा. माउसखालचा लाइट, मागे नेटच्या केबलजवळचा छोटा लाइट, मदरबोर्डवर एखादा एलईडी असेल तर तो. पीसी बंद असला तरी एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय देत राहतो आणि हे लाइट त्यावर चालतात. (काही मदरबोर्ड बंद झाल्यावर यूएसबीचा सप्लाय तोडतात, म्हणून आधी एकदा मशीन नेहमीसारखं शटडाउन करून कोणते लाइट राहतात ते बघून ठेवा, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल.) अचानक बंद पडल्यावर स्टँडबायचे लाइटही गेले तर भिंतीकडून येणारी वीज तुटली किंवा एसएमपीएस पूर्ण झोपला. लाइट राहिले तर वीज येतेय, पण कुणीतरी मेन सप्लाय बंद केलाय: एसएमपीएसच्या संरक्षणाने, प्रोसेसरच्या तापमानाच्या संरक्षणाने, नाहीतर पॉवर बटणाने.

मग बटण दाबा आणि काय होतं ते लक्षात ठेवा. लगेच चालू झाला आणि तासभर नीट चालला, की चालू होऊन काही सेकंदांत परत गेला, की बटणाला अजिबात दाद देत नाही आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून थोडं थांबून परत चालू केला तरच उठतो? हे शेवटचं लक्षण दिसलं तर मी सरळ एसएमपीएसच्या बाजूला झुकतो, कारण ओव्हरलोड किंवा शॉर्ट जाणवल्यावर त्याचं संरक्षण लॉक होऊन बसतं आणि इनपुट पूर्ण तोडल्याशिवाय ते लॉक बऱ्याचदा सुटत नाही. चालू होऊन काही सेकंदांतच परत जात असेल तर कूलर प्रोसेसरवर नीट बसलेला नाही किंवा कुठेतरी शॉर्ट आहे असं धरून चाला.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा मेनू) वीज परत आल्यावर काय करायचं अशी एक सेटिंग असते, रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस किंवा तशाच नावाची. ती "पॉवर ऑन" करून ठेवा. पुढच्या वेळी मशीन गेलं आणि लगेच आपलं आपणच उठलं तर इनपुटची वीज खरंच क्षणभर तुटली असण्याची शक्यता खूप वाढते, म्हणजे सॉकेट, केबल, यूपीएस यांच्याकडे आधी बघायचं. गेलं आणि गेलेलंच राहिलं तर दोष बहुधा कॅबिनेटच्या आत. एक पैसा न घालवता शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं.

आता विंडोज काय सांगतं ते. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा, बंद पडलेली वेळ बघा. जवळपास प्रत्येकाला तिथे कर्नेल पॉवर, आयडी ४१ अशी लाल नोंद दिसते आणि मग लोक "कर्नेल पॉवर ४१ कसा घालवायचा" असं शोधत सुटतात. हा शोधच मुळात चुकतो. ४१ ही नोंद बंद पडताना लिहिलीच जात नाही, ती पुढच्या वेळी चालू झाल्यावर लिहिली जाते, आणि तिचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाउन झालं नव्हतं. भिंतीतला प्लग उपटलात तरी हीच नोंद येणार. तिच्यासोबत येणारी ६००८ पण तेच सांगते. यात कारण काहीच नाही.

पण त्याच ४१ वर क्लिक करून डिटेल्सच्या टॅबमध्ये गेलात तर दोन आकडे आहेत ते कुणी बघत नाही. एक बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा कोड. तो शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली, बटण दाबलं गेलं किंवा हार्डवेअरने थेट तोडलं. शून्य नसेल तर निळा स्क्रीन आला होता आणि तुमच्या नजरेला पडायच्या आत मशीन रीस्टार्ट झालं. हा आकडा दशमान पद्धतीत दिसतो, तो सोळाच्या पद्धतीत बदलून मग शोधायचा, जसं २९२ म्हणजे १२४, तो हार्डवेअरची न सुधारता आलेली चूक दाखवतो, आणि १५९ म्हणजे ९एफ, तो ड्रायव्हरच्या पॉवरच्या गोंधळाचा. असा कोड मिळाला तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा म्हणजे पुढच्या वेळी निळा स्क्रीन थांबून राहील. दुसरा आकडा पॉवर बटण टाइमस्टँप. तो शून्य नसेल तर पॉवर बटण दाबलं गेलं होतं अशी नोंद आहे. तुम्ही हँग झालेलं मशीन स्वतः बटण धरून बंद केलं असेल तर ठीकच, पण तुम्ही हातही लावला नव्हता आणि तरी आकडा आहे, तर थांबा आणि विचार करा. मी सात महिन्यांतले पहिले सहा हा आकडा बघितलाच नव्हता.

तिथेच १०७४ ही नोंद दिसते का बघा. ती असेल तर कुठल्यातरी प्रोग्रामने रीतसर शटडाउन मागितलं होतं आणि त्या प्रोग्रामचं नाव पण नोंदीत असतं: अपडेट, टास्क शेड्यूलरमधलं विसरलेलं काम, यूपीएसचं सॉफ्टवेअर. यूपीएस यूएसबीने जोडला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि बॅटरी संपत आली असं वाटलं की मशीन बंद करतं किंवा हायबरनेट करतं, यूपीएसची बॅटरी जुनी असली की हे फार लवकर होतं. आणि विंडोज एंटरप्राइजची इव्हॅल्युएशन आवृत्ती मुदत संपल्यावर दर तासाला मशीन बंद करते, तुमचं मशीन अगदी घड्याळ लावल्यासारखं तासातासाला जात असेल तर आधी हे तपासा. डब्ल्यूएचइए लॉगर (हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) नावाच्या नोंदी दिसल्या तर त्या लिहून ठेवा, त्या प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटकडे बोट दाखवतात.

विंडोज फॉरमॅट मारायच्या आधी ही टेस्ट नक्की करा. मशीन चालू करून बायोसमध्ये जा आणि तिथेच सोडून द्या, एक तास, दोन तास, तुमचा प्रॉब्लेम जितक्या वेळात येतो तितका वेळ. बायोसमध्ये बंद पडला तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस हे सगळे निर्दोष, कारण त्यातलं काही तिथे चालूच नसतं. बायोसमध्ये नाही पडला तर पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालवून त्यात दिवसभर नेहमीचं काम करा. लिनक्समध्येही तसाच पडत असेल तर दोष हार्डवेअरचा, फॉरमॅटने काहीही होणार नाही. मी हे आधी केलं असतं तर दोन वेळचं फॉरमॅट वाचलं असतं आणि त्यासोबतचे सगळे प्रोग्राम परत टाकायचे दोन शनिवार-रविवारही.

आता खरा साक्षीदार, सेन्सरचा लॉग. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सेन्सर विंडो उघडून लॉगिंग चालू केलं की तापमान, व्होल्टेज, फॅनचा वेग, वॅट्स सगळं दर एक-दोन सेकंदाला फाइलमध्ये लिहिलं जातं. मशीन पडलं की परत चालू करून ती फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि शेवटच्या दहा-वीस ओळी वाचा. प्रोसेसरचं तापमान चढत चढत ९५, ९८, १०० आणि मग ओळी संपल्या, तर गोष्ट स्पष्ट आहे. तापमान ५५ वर शांत आहे पण ग्राफिक्स कार्डचे वॅट्स एकदम वर गेलेत आणि तिथे लॉग तुटलाय, तर एसएमपीएस किंवा त्याच्या केबल. आणि सगळे आकडे सपाट, जणू काही होतच नव्हतं, आणि लॉग तुटला, तर बाहेरची वीज, बटण किंवा शॉर्ट. शेवटची एखादी ओळ डिस्कवर लिहायची राहून जाऊ शकते आणि एका सेकंदापेक्षा छोटे झटके यात दिसत नाहीत हे लक्षात असू द्या, तरीसुद्धा अंदाजाने बोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तापमानाला लोक गरजेपेक्षा जास्त दोष देतात असं माझं मत आहे. आजचे प्रोसेसर गरम झाले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास, एएमडीच्या रायझन ५००० मध्ये साधारण ९० ते ९५, रायझन ७००० मध्ये ९५, तिथे पोचल्यावर मशीन हळू होतं, फॅन ओरडायला लागतात, बंद होणं ही त्याच्याही पुढची पायरी आहे. त्यामुळे आधी अजिबात हळू न होता, फॅनचा आवाज न वाढता मशीन जात असेल तर उष्णता हे कारण असण्याची शक्यता कमी. अपवाद म्हणजे कूलर पूर्ण सुटलेला किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद पडलेला, तेव्हा तापमान इतकं पटकन चढतं की वेग कमी करूनही सांभाळता येत नाही.

इंटेलसोबत येणाऱ्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्यातली एक नीट लागली नाही की कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो, डोळ्यांना कळतही नाही. मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना कूलर हलक्या हाताने हलवून बघा, तो हलता कामा नये. पाच-सहा वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी मधली पेस्ट) बदलून टाका, वाटाण्याएवढी पुरे. धूळ काढताना ब्रश किंवा ब्लोअर वापरा पण फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने मोकळा फिरला तर बेअरिंग खराब होतं. आणि एकदा कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम, तेच काम चालवून बघा, तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर कूलर ठीक आहे, हवाच खेळत नाहीये. प्रोसेसरच्या बाजूला मदरबोर्डचे व्हीआरएम (प्रोसेसरला हवं तेवढं व्होल्टेज करून देणारे भाग) असतात ते पण तापतात, स्वस्तातल्या बोर्डवर जड प्रोसेसर लावला असेल तर प्रोसेसर ७० वर आणि व्हीआरएम ११० वर असं होऊ शकतं, लॉगमध्ये तो कॉलम असेल तर बघायला विसरू नका.

आता एसएमपीएस. गेम चालू केला की दहा मिनिटांत जातो आणि इंटरनेट बघताना दिवसभर चालतो असं असेल तर याच्याकडे वळा. टेस्ट तीन पायऱ्यांत करा. आधी फक्त प्रोसेसरवर लोड, प्राइम९५ सारख्या सॉफ्टवेअरने अर्धा तास. मग ते बंद करून फक्त ग्राफिक्स कार्डवर, फरमार्कने पंधरा-वीस मिनिटं. मग दोन्ही एकत्र. (प्रत्येक वेळी तापमानावर नजर ठेवा, मर्यादेला टेकलं की थांबवा.) एकेकटं नीट चालतं आणि एकत्र केलं की पडतं, तर एसएमपीएसला एकूण भार पेलत नाहीये हा चांगला पुरावा झाला. नवीन आणायच्या आधी अजून एक करा, आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेमचे फ्रेम ६० वर बांधा. याने बंद पडणं थांबलं तर तुम्ही बरोबर दिशेला आहात, आणि नवीन येईपर्यंत मशीन वापरताही येतं.

"पण माझा एसएमपीएस तर ६५० वॅटचा आहे आणि कार्ड २५० चं" हे नेहमी ऐकायला येतं. २५० हा सरासरी आकडा आहे. आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या दुप्पटही खेचू शकतं, आणि तेवढ्याने एसएमपीएसचं संरक्षण भडकतं. यामुळेच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांसाठी रेटिंगच्या २०० टक्के झटका सोसायची अट आली. दुसरं म्हणजे वय, आतले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा सात-आठ वर्षं गरम कोपऱ्यात चाललेला ६५० वॅटचा एसएमपीएस आज ६५० चा राहिलेला नसतो.

पण त्याआधी केबल! ग्राफिक्स कार्डचा आठ पिनांचा एक कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. कार्डला असे दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन टोकं वापरू नका, नुसतं एवढं बदलून प्रॉब्लेम गेलेली मशीन्स मी पाहिली आहेत. नवीन १२ प्लस ४ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का ते डोळ्यांनी बघा, थोडा जरी बाहेर राहिला तर वितळू शकतो. मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढून परत घट्ट बसवा, पिना तपकिरी-काळ्या पडल्यात का तेही बघा.

मल्टीमीटर असेल आणि वापरायची सवय असेल तर लोडवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. सॉफ्टवेअरमध्ये १२ च्या जागी ८ किंवा ३ दिसलं तर घाबरू नका, खरंच तसं असतं तर मशीन चालूच झालं नसतं, तो सेन्सर चुकीचा वाचला जातोय. मल्टीमीटरवर बरोबर आलं म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असंही नाही, मिलिसेकंदाची घसरण त्यात दिसत नाही, खात्री फक्त दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते, कुणाकडून दोन दिवस मागून आणा.

यात दोन गोष्टी जिवाशी आणि मशीनशी खेळ आहेत म्हणून जोर देऊन सांगतो. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. आणि मॉड्यूलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून नुसता डबा बदलू नका, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, केबल बसते पण १२ व्होल्ट नको तिथे जातात आणि हार्ड डिस्क जळते. डिस्क गेली म्हणजे डेटा गेला.

बाहेरची वीज मात्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोपी. कॅबिनेटच्या मागे लागणारी जाड पॉवर केबल सैल असते, पाय लागला की क्षणभर सुटते. मशीन चालू ठेवून ती जराशी हलवा, गेलं तर सापडलं. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला काढून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावून काही दिवस चालवा. यूपीएसमुळेच मशीन बंद पडतं हे लोकांच्या गळी उतरत नाही, पण लेड ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत थकते, आणि मग वीज जराशी डगमगली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरी साथच देत नाही, तेच मशीन थेट भिंतीवर असतं तर ती डगमग पचवून गेलं असतं. यूपीएसची क्षमता व्हीए मध्ये लिहिलेली असते, वॅट त्याहून कमी असतात, तेही बघून घ्या.

आता माझं काय झालं ते. माझा लॉग कायम सपाट. प्रोसेसर ४५ अंश, १२ व्होल्ट बरोबर, काहीच नाही आणि ओळी संपल्या. गेम खेळताना जायचा, नुसतं वाचतानाही जायचा, लोडशी काही संबंधच नाही. नवीन एसएमपीएसने फरक शून्य. बायोसमध्ये ठेवला तरी गेला. माउसचा लाइट चालूच राहायचा, म्हणजे वीज येत होती. शेवटी ४१ च्या डिटेल्समध्ये पॉवर बटण टाइमस्टँप भरलेला दिसला, एकदा नाही, तपासल्या तितक्या सगळ्या नोंदींमध्ये. कॅबिनेटच्या बटणाचं प्लॅस्टिक झिजलं होतं, आत धूळ, स्प्रिंग ढिली, बटण अर्धवट दाबलेलंच राहायचं आणि फॅनच्या थरथरीने किंवा टेबलाला धक्का लागला की पूर्ण टेकायचं. चार सेकंद बटण दाबलेलं राहिलं की मदरबोर्ड विंडोजला न विचारता सप्लाय तोडतो, ती सोय हँग झालेल्या मशीनसाठी आहे. मग मधेमधे थोडा वेळ दाबलं जाऊन नीट शटडाउन का होत नव्हतं? कारण कुणाच्या हाताने चुकून बंद होऊ नये म्हणून मी विंडोजमध्ये पॉवर बटण दाबल्यावर काहीच करू नकोस असं फार पूर्वी सेट केलं होतं. त्यामुळे छोटे स्पर्श लपून राहिले आणि फक्त चार सेकंदांचे दिसले.

हे तपासणं अगदी सोपं आहे. मशीन चालू करा, मग मदरबोर्डच्या फ्रंट पॅनेलच्या पिनांवरून पॉवर एसडब्ल्यू लिहिलेली दोन वायरची छोटी टोपी काढून ठेवा, रीसेटचीही काढा. आता कॅबिनेटचं बटण मशीनला स्पर्शही करू शकत नाही. पुढे चालू करायचं असेल तेव्हा त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं की झालं, फक्त बाजूच्या पिनांना लागू देऊ नका. असं चालवून बंद पडणं थांबलं तर दोष बटणाचा. दुरुस्ती म्हणून मी रीसेट बटणाची टोपी पॉवरच्या पिनांवर लावली, आता रीसेटचं बटण दाबून मशीन चालू करतो.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर शॉर्ट शोधा. मदरबोर्डच्या मागे पडलेला सुटा स्क्रू, नको त्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब), पुढच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन. पुढच्या यूएसबीची केबल बोर्डवरून काढून चालवा. नाहीच सापडलं तर मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर पुठ्ठ्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावरच चालवायचा आणि एकेक वस्तू वाढवत जायची, कंटाळवाणं आहे पण हमखास.

रॅम खराब असली तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन किंवा रीस्टार्ट होतो, नुसतं मरून पडणं कमी. तरी बायोसमधली एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून बघा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर लावा, एक जरी चूक दिसली तरी रॅमला पास करू नका. लोडवर ठीक आणि रिकामं बसल्यावर जातो किंवा गोठतो असं उलटं लक्षण असेल, विशेषतः सुरुवातीच्या रायझनवर, तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची सेटिंग "टिपिकल करंट आयडल" वर ठेवून बघा, आणि बायोस अपडेट करा, पण अपडेट मात्र मशीन निदान तासभर न पडता चालतंय अशा वेळीच, मधे वीज तुटली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. बोर्डवरचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल बदलून हा प्रॉब्लेम जात नाही, त्याने घड्याळ आणि सेटिंग सांभाळली जातात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने तर अजिबात जात नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि तारीख-वेळ वहीत लिहा. आणि "गेला प्रॉब्लेम" असं म्हणायची घाई नको, मशीन साधारण चार दिवसांनी पडत असेल तर दोन दिवस न पडणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, निदान तिप्पट वेळ, म्हणजे बारा दिवस जाऊ द्या, तेवढे गेले की मगच मागून आणलेला पार्ट परत करा किंवा जुना फेकून द्या. ते झाल्यावर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवा आणि ड्राइव्हची स्मार्ट माहिती (ड्राइव्हने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघून घ्या, कारण इतक्या वेळा वीज तुटल्यावर ड्राइव्हवर काही फाइल्स तुटलेल्या असू शकतात आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी उघडायला गेल्यावरच कळतात. माझ्या दोन फाइल्स अशा निघाल्या, बॅकअपमधून परत मिळाल्या.